आहार, श्रम आणि स्थूलता : बेळगाव सीमाभागातील शेतकरी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतील मराठी शेतकरी घरांत ‘अंगाने सुटणे’ ही एके काळी कौतुकाची गोष्ट होती. खात्यापित्या घरची खूण. आज तीच खूण डॉक्टर टेप घेऊन मोजतात. भारतीयांसाठी बॉडी मास इंडेक्स (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) 25 च्या पुढे गेला की स्थूलता मानतात. म्हणजे 165 सेंटिमीटर उंचीच्या माणसाचे वजन साधारण 68 किलोच्या वर. कमरेची मर्यादा पुरुषांना 90, स्त्रियांना 80 सेंटिमीटर. पोटाचा घेर वाढला की मधुमेह आणि रक्तदाबाचा धोका वाढतो.

ताट पावसावर ठरते. सह्याद्रीला टेकलेल्या खानापूरच्या पश्चिम पट्ट्यात भात आणि नाचणी, पूर्वेला अथणीकडे ज्वारी. बेळगाव तालुक्यात भाताच्या जोडीला बटाटा, रताळी. औतावर जाणारा गडी सकाळी आंबील पिऊन निघे : नाचणीचे पीठ रात्रभर आंबवायचे, शिजवून गार करायचे, मग त्यात ताक, मीठ आणि ठेचलेला लसूण. दुपारी बांधावर भाकरी, झुणका, कांदा. हे जेवण हलके मुळीच नव्हते. चिखलणी, कोळपणी, मळणी अशा कामांत ते जिरून जाई, एवढेच.

पॉवर टिलर, ट्रॅक्टर आणि मळणी यंत्र आले, बैल गेले. शेताकडे चालत जाणारा मोटरसायकलवर जाऊ लागला. भूक मात्र जुन्याच मापाची राहिली. त्यात ज्वारी-नाचणीची जागा पांढऱ्या तांदळाने घेतली. 2013 पासून कर्नाटक सरकारच्या ‘अन्नभाग्य’ या रेशन योजनेतूनही तांदूळच प्रामुख्याने घरात आला. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम तंतू (फायबर), पॉलिश केलेल्या तांदळात जेमतेम 3. चहाचा हिशेब कोणी ठेवत नाही : दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे दीडशेहून जास्त कॅलरी. उसाच्या पट्ट्यात साखरेला हात आखडण्याची सवय नाही, हेही खरेच.

यंत्राने सगळ्यांचे कष्ट सारखे कमी केले नाहीत. रोप लावणीला अजूनही बायकाच वाकतात, आणि मजुरीवर जगणाऱ्या घरांत अशक्तपणा ही आजही मोठी अडचण आहे. उलट निपाणीकडे बिडी वळणारी बाई मांडीवर सूप घेऊन दिवसभर एकाच जागी बसते. कष्ट पुष्कळ, हालचाल बोटांची. ‘शेतकरी म्हणजे कष्टकरी, त्याला कसले वजन’ हा समज म्हणूनच फसवा आहे. रक्तातली साखर वाढल्याचे निदान झाले की घरात नाचणी परत येते. पूर्वी ती माळावर पिकायची. आता बहुधा दुकानातून, पाकिटात येते.