बाळाच्या डब्यातल्या दुधात तेल कुठून आलं?

बाळाच्या दुधाच्या डब्यावर पाम, सोयाबीन, सूर्यफूल, खोबरेल अशी तेलांची नावं वाचून अनेक आया दचकतात. दुधात तेल कशाला?

गायीच्या आणि आईच्या दुधात स्निग्धांश जवळपास सारखाच असतो, त्याची घडण मात्र निराळी. आईच्या दुधाच्या स्निग्धांशात लिनोलिक आम्ल (चरबी ज्यांनी बनते अशा आम्लांपैकी एक) साधारण १० ते २० टक्के, तर गायीच्या दुधात जेमतेम २-३ टक्के. हे आम्ल शरीराला स्वतः तयार करता येत नाही, हे जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या संशोधक दांपत्याने १९२९-३० मध्ये मिनेसोटा विद्यापीठात उंदरांवर दाखवून दिलं. माणसाच्या बाळांबद्दलचा भक्कम पुरावा १९६३ चा, बालरोगतज्ज्ञ आरिल्ड हॅन्सेन यांचा. त्यांनी ४२८ बाळं अभ्यासली. साय काढलेल्या दुधावर वाढणाऱ्यांची त्वचा कोरडी पडून सोलवटायची, लिनोलिक आम्ल मिळालं की सुधारायची. तोवर अमेरिकेत दुधातली चरबी काढून मका, खोबरेल, सोयाबीन तेल घालण्याची पद्धत रुळत होतीच. ही तेलं बाळांना पचतही चांगली होती.

पण तेल म्हणजे सगळं एकच नव्हे, हे कळायला आणखी वीस वर्षं गेली. मका आणि करडईच्या तेलात लिनोलिक भरपूर, ओमेगा-३ ही शरीराला लागणारी दुसऱ्या गटातली चरबी जवळजवळ नाहीच. १९८० च्या दशकात ओरेगॉनमध्ये न्यूरिंजर आणि कॉनर या संशोधकांनी ऱ्हिसस माकडिणींना गाभण असताना आणि त्यांच्या पिल्लांना जन्मानंतर करडई तेलावर आधारलेला आहार दिला. पिल्लांच्या डोळ्यांच्या पडद्यात डीएचए (मेंदू आणि डोळ्यांना लागणारं ओमेगा-३ गटातलं आम्ल) घटलं, नजर अधू राहिली. आपल्याकडे करडईला हृदयाचं तेल म्हणून मान आहे. बाळाच्या दुधात तेच एकटं असणं घातक, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

पामतेल आलं ते आईच्या दुधातही भरपूर असणाऱ्या पामिटिक आम्लासाठी. आईच्या दुधात हे आम्ल बहुतांशी स्निग्ध रेणूच्या तीन जागांपैकी मधल्या जागी बसलेलं असतं, पामतेलात कडेला. कडेचं पामिटिक आतड्यात सुटतं, कॅल्शियमशी जुळून साबणासारखा क्षार बनतो आणि शी घट्ट होते.

२००१ मध्ये अमेरिकेत शैवाल आणि बुरशीपासून काढलेली डीएचए व अरॅकिडोनिक आम्लाची (ओमेगा-६ गटातलं, बाळाच्या वाढीला लागणारं आम्ल) तेलं वापरण्याची वाट मोकळी झाली. युरोपीय संघात २०२० पासून दर १०० किलोकॅलरीमागे २० ते ५० मिलिग्रॅम डीएचए सक्तीचं आहे, अरॅकिडोनिक आम्ल मात्र ऐच्छिक. आईच्या दुधात दोन्ही सोबत असतात, बहुधा दुसरंच जास्त. म्हणून अनेक बालपोषणतज्ज्ञांनी या नियमावर आक्षेप घेतला, आणि तो मला रास्त वाटतो.