ब्रेसेसमुळे होणारे तोंडातील व्रण

वेडेवाकडे दात सरळ करण्यासाठी बसवलेले ब्रॅकेट (दातावर चिकटवलेले, तार धरून ठेवणारे छोटे तुकडे), तारा आणि दाढांवरच्या नळ्या गालाला, ओठाला किंवा जिभेला घासून अथवा टोचून पडणारी उथळ, दुखरी क्षते. बोलीभाषेत यालाही ‘तोंड आले’ असेच म्हणतात. त्या एका शब्दप्रयोगात किमान दोन वेगळे विकार येतात आणि उपचारातला घोळ बहुधा तेथूनच सुरू होतो.

संज्ञा व वर्गीकरण : काही आधुनिक लेखक या व्रणांना सरसकट ‘मुखपाक’ म्हणतात. सुश्रुतसंहितेत ६५ मुखरोग सांगितले असून मुखपाक त्यांतील ‘सर्वसर’, म्हणजे सर्व मुखात पसरणाऱ्या, दोषजन्य गटात येतो. एका ब्रॅकेटसमोर पडलेली एक जखम त्यात नीट बसत नाही. त्याच ग्रंथाच्या चिकित्सास्थानात व्रणांचे शारीर आणि आगंतु असे दोन भेद केले आहेत; बाहेरच्या आघाताने होणारा आगंतु व्रण हीच संज्ञा येथे अधिक चपखल वाटते.

पाश्चात्त्य परंपरेत ‘अ‍ॅफ्था’ हा ग्रीक शब्द हिपॉक्रेटीसच्या नावावरील लेखनाइतका (इ. स. पू. सुमारे पाचवे-चौथे शतक) जुना मानतात. आज तो वारंवार उद्भवणाऱ्या, गोलसर, पिवळट तळाच्या आणि लाल कडेच्या व्रणांना लावतात. घर्षणाचा व्रण बहुधा वेडावाकडा असतो आणि हुकाच्या किंवा तारेच्या टोकाच्या बरोबर समोर सापडतो. मात्र ज्यांना मुळातच अ‍ॅफ्थाची प्रवृत्ती असते त्यांच्यात किरकोळ ओरखड्यातूनही अ‍ॅफ्था उठतो, त्यामुळे सीमारेषा सदैव स्पष्ट नसते. तरीही हे भेद वेगळे ठेवणे इष्ट. कारण घर्षणाच्या व्रणात टोचणारी वस्तू दूर करणे हाच मुख्य उपचार आहे.

कारणे : अमेरिकन दंतवैद्यक संशोधक ब्युनोकोर यांनी १९५५ मध्ये दाताचे एनॅमल (बाहेरचे कठीण आवरण) आम्लाने खरवडून त्यावर रेझिन (राळेसारखा कृत्रिम पदार्थ) चिकटवण्याची पद्धत मांडली. पुढे तिच्या आधारे ब्रॅकेट थेट दातावर चिकटवले जाऊ लागले आणि दातादाताभोवतीची धातूची पट्टी मागे पडली. हूक आणि तारेची टोके मात्र राहिली. सुरुवातीची बारीक, लवचिक निकेल-टायटॅनियम तार कधी एका बाजूला सरकते. फटी मिटू लागल्या की तार दाढेमागे बाहेर येते. म्हणूनच तोंडाला सवय झाल्यावरही काही महिन्यांनी अचानक नवा व्रण पडतो.

उपचार : ब्रॅकेट कापसाने कोरडा करून ब्रेसेससाठीच्या मेणाची वाटाण्याएवढी गोळी त्यावर दाबून बसवतात, ओल्या ब्रॅकेटवर मेण टिकत नाही. चुकून गिळले गेले तरी अपाय नसतो. बांधणीच्या बारीक तारेचे टोक पेन्सिलीच्या खोडरबराने आत वळवता येते. दाढेमागची तार डॉक्टरांकडूनच कापून घ्यावी. त्यांची पक्कड कापलेला तुकडा धरून ठेवते, घरी तो गिळला जाण्याची भीती असते. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा चुळा भराव्यात. तिखट, आंबट आणि कडक पदार्थ काही दिवस टाळावेत, पण दात घासणे थांबवू नये. क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाच्या चुळांनी जंतुसंसर्गाला आळा बसतो. मात्र दीर्घ वापराने दातांवर तपकिरी डाग पडतात. कोलीन सॅलिसिलेट हे वेदनाशामक असलेली जेल मुलांना लावण्याबाबत सावधगिरी हवी : राय लक्षणसमूहाच्या (मुलांच्या यकृताला व मेंदूला इजा करणाऱ्या दुर्मिळ विकाराच्या) शक्यतेमुळे ब्रिटनमध्ये २००९ पासून ती १६ वर्षांखालील मुलांसाठी वापरू नये असा सल्ला आहे. ब्रेसेस लावणारे बहुतेक रुग्ण याच वयाचे असल्याने ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही.

कारण दूर झाल्यावर व्रण साधारणतः ७ ते १४ दिवसांत भरतो. जिभेच्या बाजूने लावलेल्या ब्रेसेसमध्ये जिभेला अधिक इजा होते. निकेलच्या अधिहर्षतेत (अ‍ॅलर्जीत) मेणाचा उपयोग नसतो, धातू बदलावा लागतो. तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, विशेषतः तंबाखू, मिश्री किंवा गुटख्याची सवय असलेल्या प्रौढात, तारेच्या माथी न मारता तपासून घ्यावा. गरज पडल्यास ऊतक-परीक्षा (बायॉप्सी) करतात.