अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा आणि सॉफ्टवेअरचं कॅलेंडर

मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट या प्रकल्पाचं वेळापत्रक आखणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘स्टँडर्ड’ नावाचं कॅलेंडर तयारच मिळतं: सोमवार ते शुक्रवार, सकाळी 8 ते 12 आणि दुपारी 1 ते 5, आठवड्याचे 40 तास. हा अमेरिकेचा आठवडा. तिथल्या 1938 च्या श्रमकायद्याने तो टप्प्याटप्प्याने 1940 मध्ये 40 तासांवर आणला. जळगाव किंवा धुळ्याच्या एमआयडीसीतले कारखाने वाढले ते 1948 च्या कारखाना अधिनियमाखाली. त्यात आठवड्याला कमाल 48 तास, दिवसाला 9, सलग 5 तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती आणि आठवड्याची एक सुट्टी, असे नियम होते. नोव्हेंबर 2025 मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. तयार कॅलेंडर न बदलता वेळापत्रक आखलं, तर हा फरक प्रत्येक तारखेत उतरतो.

खानदेशाला हे 48 तास उशिरा मिळाले. 1881 चा पहिला कारखाना कायदा 100 किंवा अधिक कामगारांच्या आणि वर्षात 4 महिन्यांहून जास्त चालणाऱ्या कारखान्यांनाच लागू होता. कापसाच्या जिनिंगचा हंगाम छोटा, त्यामुळे जिनिंगचे कारखाने कायद्याबाहेर राहिले. हंगामात तिथे पहाटेपासून रात्रीपर्यंत, कधी रात्रंदिवस काम चाले आणि त्यात बायका मोठ्या संख्येने असत. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली आणि 1891 च्या कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली. पुढे बारमाही कारखान्यांचा आठवडा 1922 मध्ये 60, 1934 मध्ये 54 आणि 1946 मध्ये 48 तासांवर आला. कॅलेंडरमध्ये रविवारचा रकाना बंद ठेवताना एवढा इतिहास त्यामागे आहे, याची जाण असावी.

नियोजनाच्या गणिताला आधी कॅलेंडरच नव्हतं. 1957 मध्ये ड्यूपॉन्ट कंपनीसाठी जेम्स केली आणि मॉर्गन वॉकर यांनी क्रिटिकल पाथची, म्हणजे प्रकल्पाची मुदत ठरवणारी कामांची सर्वांत लांब साखळी शोधण्याची पद्धत युनिव्हॅक संगणकावर बसवली, 1958 मध्ये अमेरिकी नौदलाची पर्ट ही तशीच पद्धत आली. या गणितात दिवस म्हणजे नुसता आकडा: पहिला, दुसरा, तिसरा. तारीख नंतर कामाच्या दिवसांच्या तक्त्यावरून लावायची. सगळ्या माणसांना एकच तक्ता पुरला तोवर अडलं नाही. 1983 मध्ये नियोजनाचं सॉफ्टवेअर बनवणारी प्रायमावेरा कंपनी निघाली, 1984 मध्ये डॉसवरचं मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट आलं आणि नियोजन टेबलावरच्या संगणकावर उतरलं. इथून पुढे थर चढत गेले. सर्वांचं सामाईक बेस कॅलेंडर. त्यावर बसणारं प्रत्येक माणसाचं किंवा यंत्राचं कॅलेंडर, ज्यात फक्त वेगळेपण नोंदवायचं. प्रोजेक्ट 2000 मध्ये खुद्द कामाला कॅलेंडर लावता येऊ लागलं आणि 2007 च्या आवृत्तीत सुट्टीला नाव देण्याची आणि ठरावीक काळापुरता वेगळा आठवडा आखण्याची सोय आली. खानदेशच्या उन्हाळ्यात ही शेवटची सोय फार मोलाची आहे. बांधकामाची वेळ एप्रिल-मेपुरती सकाळी 6 ते 11 आणि संध्याकाळी 4 ते 7 करायची, तर रोजच्या नोंदी न करता एक ‘वर्क वीक’ पुरतो.

सहा दिवसांच्या कारखान्यात पहिली चूक इथे होते. कॅलेंडरमध्ये शनिवार उघडला जातो, पण ऑप्शन्समधले आकडे, म्हणजे दिवसाचे 8 तास, आठवड्याचे 40 तास आणि महिन्याचे 20 दिवस, तसेच राहतात. हे सॉफ्टवेअर मुदत मिनिटांत साठवतं. ‘1 आठवडा’ लिहिलं की ते 40 तास, म्हणजे 2400 मिनिटं धरतं आणि सोमवारी सुरू झालेलं काम शनिवारऐवजी शुक्रवारी संपवतं. तिथे आठवड्याला 48 तास आणि महिन्याला 26 दिवस घालावे लागतात, तेही कामं भरण्याआधी. नंतर आकडा बदलला तर मिनिटं तीच राहतात आणि ‘1 आठवडा’ चा ‘0.83 आठवडा’ होतो.

रात्रपाळी त्याहून नाजूक. सॉफ्टवेअरचा दिवस मध्यरात्री संपतो. त्यामुळे रात्री 11 ते सकाळी 7 ची पाळी सलग लिहिता येत नाही. सोमवारी 11 ते 12 आणि मंगळवारी 12 ते 7, मधली विश्रांती वगळून, असे तुकडे करावे लागतात. आता 15 ऑगस्टची सुट्टी घाला: 14 च्या रात्री आलेली माणसं बाराला घरी जातात आणि 16 च्या मध्यरात्री नवी माणसं मधूनच उगवतात. प्रत्यक्षात सुट्टी 15 च्या रात्रीच्या पाळीला असेल, तर 15 तारखेला पहाटेचे तास चालू ठेवायचे, रात्रीचा तास काढायचा आणि 16 च्या पहाटेचेही काढायचे. एका सुट्टीला दोन नोंदी लागतात.

26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर यांची वार्षिक नोंद एकदा केली की ते दरवर्षी आपोआप येतात. तिथीचे सण येत नाहीत. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, 2024 मध्ये 10 मे रोजी होती, 2025 मध्ये 30 एप्रिलला, म्हणून नवं पंचांग आलं की बेस कॅलेंडर हातानेच भरायचं. कानबाई या खानदेशच्या देवीची स्थापना श्रावणातल्या रविवारी. त्यामुळे तिची नोंद कोणी करत नाही, पण विसर्जन सोमवारी असतं आणि हजेरी त्या दिवशी पडते. नंदुरबारकडच्या सातपुड्यातली माणसं कामावर असतील तर होळीचे दिवस त्यांच्या वेगळ्या बेस कॅलेंडरमध्ये घालावेत, सगळ्यांच्या नव्हे. रविवारी काम घेऊन बदली सुट्टी दिली तर दोन्ही दिवस नोंदवायचे. 1948 च्या अधिनियमाप्रमाणे ती सुट्टी त्या रविवारच्या आधीच्या किंवा नंतरच्या 3 दिवसांत द्यावी लागे आणि पूर्ण सुट्टीशिवाय सलग 10 दिवसांपेक्षा जास्त काम चालत नसे.

कामाचं कॅलेंडर आणि माणसाचं कॅलेंडर दोन्ही लागली की सॉफ्टवेअर फक्त सामाईक तास धरतं. भुसावळला रेल्वेच्या ब्लॉकमध्ये, समजा रात्री 1 ते 4, करायचं काम दिवसपाळीच्या गँगला दिलं तर सामाईक तास एकही उरत नाही आणि इशारा येतो. अशा वेळी ‘रिसोर्स कॅलेंडर दुर्लक्षित करा’ ही खूण करून टाकण्याची सवय वाईट. तारीख मिळते, पण दिवसपाळी करणारी तीच गँग रात्रीही राबताना दिसते. त्या गँगचं रात्रीचं कॅलेंडर बनवणं हाच उपाय.

प्रायमावेरा पी6 मध्ये ग्लोबल कॅलेंडर अनेक प्रकल्पांना एकत्र लागतं. त्यात एक सुट्टी वाढवली की पुढच्या वेळी एफ9 दाबून वेळापत्रक काढताच ते वापरणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाच्या तारखा हलू शकतात. म्हणून ते बदलण्याचा अधिकार एकाच नियोजकाकडे असावा. बदल करण्याआधी हे कॅलेंडर कुठे कुठे वापरात आहे ते त्याने तपासावं आणि सुट्ट्यांची यादी मनुष्यबळ विभागाकडून सहीनिशी घ्यावी.