गोळ्या पाच, जोड्या दहा

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या घरात जातो आणि घामावाटे शरीरातलं पाणी व मीठ झपाट्याने कमी होतं. अशा दिवसांत बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन घेणाऱ्या माणसाने गुडघेदुखीवर डायक्लोफेनॅक सुरू केलं, की त्याचं मूत्रपिंड तिन्ही बाजूंनी कोंडीत सापडतं. क्लोरथॅलिडोन लघवीवाटे आणखी पाणी काढतं. डायक्लोफेनॅकमुळे मूत्रपिंडाच्या गाळणीत रक्त आणणारी वाहिनी आकसते. टेल्मिसार्टनमुळे गाळणीतून रक्त बाहेर नेणारी वाहिनी सैलावते. येणारं रक्त कमी झालेलं, जाणाऱ्याची वाट मोकळी. गाळणीतला दाब पडतो आणि मूत्रपिंडाने बाहेर टाकायचं क्रिएटिनिन रक्तात वाढतं. ज्या आजारासाठी जे औषध दिलं, ते चुकीचं नव्हतं. धोका तिघांच्या एकत्र येण्यात होता.

साधारणपणे पाच किंवा अधिक औषधं नियमित चालू असली, की वैद्यकात त्याला पॉलिफार्मसी म्हणतात. पाच औषधांच्या दहा जोड्या होतात, आठांच्या अठ्ठावीस. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी टाळण्याजोगी गंभीर इजा पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याची मोहीम आखली, तेव्हा पॉलिफार्मसी आणि रुग्ण एका दवाखान्यातून दुसऱ्याकडे जाण्याचा काळ ही तिच्या तीन मुख्य विषयांपैकी दोन होती.

आपल्याकडे सरकारने सर्वाधिक जोर लावला तो एकाच गोळीत कोंबलेल्या मिश्रणांवर. २०१६ मध्ये ३४४ मिश्रणांवर बंदी आली, ती न्यायालयात अडकली. फेरतपासणीनंतर २०१८ मध्ये ३२८ आणि ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी १५६ मिश्रणं बंद झाली. हे काम फार गरजेचं होतं. अंगदुखीच्या एका गोळीत पॅरासिटामॉल असतं, सर्दीच्या गोळीतही असतं, वर तापासाठी वेगळं घेतलं जातं. मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम. वृद्ध, अशक्त किंवा यकृताचा आजार असलेल्यांची त्याहून कमी. तीन वेगळ्या नावांच्या पट्ट्यांमधून ही मर्यादा नकळत ओलांडली जाते, आणि फटका यकृताला बसतो.

म्हणूनच सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेला नियम महत्त्वाचा आहे: बहुतेक औषधांच्या वेष्टनावर मूळ घटकाचं नाव कंपनीच्या नावापेक्षा किमान दोन आकारांनी मोठं छापायचं. ऑगस्ट २०२३ पासून ३०० खपाऊ ब्रँडवर क्यूआर कोडही आला. त्यात बॅच, उत्पादन परवाना, मुदत कळते. बनावट औषध ओळखायला त्याचा उपयोग होतो. तुमच्या बाकीच्या गोळ्यांशी या गोळीचं जमतं की नाही, हे तो कोड सांगत नाही.

आमच्या मते सर्वांत शहाणं पाऊल मात्र फारसं चर्चेत नसलेलं आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या रक्तदाब नियंत्रण उपक्रमाने नागपूरच्या शेजारच्या भंडारा आणि वर्धा जिल्ह्यांत उपचारांच्या पायऱ्या ठरवून दिल्या: मोजकी औषधं, ठरलेल्या मात्रा, ठरलेला क्रम. रुग्ण कोणत्या पायरीवर आहे हे कळलं, की त्याच्या पोटात काय जातंय हे पुढच्या डॉक्टरला कळतं. रक्तदाबाच्या अॅम्लोडिपिनने घोट्यांना सूज येऊ शकते. ही गोष्ट लक्षात नसली, की सुजेला नवा आजार समजून लघवीची गोळी दिली जाते, तिने पोटॅशियम उतरतं, मग पोटॅशियमचं औषध येतं.

खरी गळती होते ती डिस्चार्जच्या दिवशी. गोंदिया, गडचिरोली, बालाघाटहून नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत आलेला रुग्ण नव्या गोळ्या घेऊन घरी जातो. जुन्या गोळ्या घरी डब्यात असतातच. जुनी टेल्मिसार्टन एका ब्रँडची, नवी जनऔषधीची. दोन्ही चालू राहतात आणि तो चक्कर येऊन पडतो. डिस्चार्ज कार्डावर काय घ्यायचं ते लिहिलेलं असतं, काय बंद करायचं ते लिहिलेलं असेलच असं नाही. तेव्हा निघण्यापूर्वी जुन्या-नव्या सगळ्या पट्ट्या एका पिशवीत आणून समोर ठेवाव्यात आणि प्रत्येकीबद्दल विचारावं: चालू, बंद, की मात्रा बदलली? उत्तर कार्डावरच लिहून घ्यावं. सगळ्या गोळ्यांची एक यादीही करावी. तिच्यात मूळ घटक, मिलिग्रॅम, वेळ, कशासाठी आणि कधीपासून, एवढं हवंच. आयुर्वेदिक काढा, लोह-कॅल्शियमच्या गोळ्याही त्यात याव्यात. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांत चार तासांचं अंतर नसेल, तर थायरॉइडचं औषध नीट शोषलंच जात नाही. कागद चौदा अंकी आभा (डिजिटल आरोग्य खात्याच्या) क्रमांकाशी जोडले, तर पुढच्या दवाखान्यात तुमच्या संमतीने पाहता येतात.

यादी पाहून घाबरून मात्र स्वतःहून काही बंद करू नये. प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड, मेटोप्रोलोलसारखे बीटा ब्लॉकर (हृदय व रक्तदाबाची औषधं) आणि फिट्सची औषधं एकदम थांबवली, तर जिवावर बेतू शकतं.

त्रास झालाच, तर तो कळवण्याची सोय २०१० पासूनच्या राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमात आहे. रुग्णाच्या नावाची आद्याक्षरं व वय, काय झालं, संशयित औषध आणि कळवणारा कोण, एवढी माहिती असली की नोंद होते. औषधानेच झालं हे सिद्ध करावं लागत नाही. अर्जात सोबत चालू असलेल्या इतर औषधांचा एक रकाना असतो. घाईत तोच कोरा राहतो, आणि कोणती जोडी नडली हे शोधायला नेमका तोच लागतो. निःशुल्क क्रमांक १८००-१८०-३०२४, कामाच्या दिवशी. फोन करताना पट्ट्या हाताशी ठेवा. बॅच क्रमांक विचारतात.