बॉलपेन आणि जेल पेन: शेडिंगसाठी हे दोन एक नाहीत हो

बॉलपेनने काढलेलं पोर्ट्रेट कुणी टाकलं की खाली पहिला प्रश्न ठरलेला, "जेल पेन कुठला वापरला?" आणि याच्या उलटही चालू असतं, जेल पेन घेऊन लोक पेन्सिलीसारखं हलकं शेडिंग करायला बसतात आणि चेहऱ्याचा गाल काळाकुट्ट झाला की "माझा हातच जड आहे" म्हणून गप्प वही मिटतात. हात जड नाहीये, पेन चुकीचा घेतलाय. दोन्हीच्या टोकाला गोळी असते म्हणून दोन्ही एकच, हा समज एकदाचा निकालात काढूया.

जेल पेनबद्दल फार सांगत बसत नाही, परीक्षेत पानंच्या पानं त्यानेच भरलीत सगळ्यांनी. पाण्यावर आधारलेली शाई, १९८४ ला जपानच्या साकुरा कंपनीने पहिल्यांदा बाजारात आणलेली, रेघ गडद आणि एकसारखी, ओली असताना हात लागला की फराटा. बास. पायलट व्ही५ किंवा युनिबॉल आयसारखे पातळ शाईचे रोलर पेन वेगळ्या जातीचे, पण शेडिंगपुरते तेही याच बाजूला धरा.

किंमत, रंग, ०.५ की ०.७ हे फरक किरकोळ आहेत. "पॉइंट पाच घे, शेडिंग फाइन येतं" हा सल्ला तर मला वाचवतच नाही. टोक बारीक असलं की रेघ बारीक येते, फिकी नाही येत, आणि शेडिंगला फिकेपणा लागतो. बिक क्रिस्टल हा बॉलपेन १९५० पासून विकला जातोय, त्याच्या साध्या मीडियम टोकात चांगली एक मिलिमीटरची गोळी असते, आणि त्याच पेनने लोकांनी त्वचेवरची छिद्रं दिसतील अशी चित्रं काढलीत.

आता खरा फरक. बॉलपेनची शाई तेलकट आणि घट्ट, जवळपास पेस्टच. लास्लो बिरो या हंगेरियन पत्रकाराने १९३८ मध्ये पेटंट घेतलं तेव्हा त्याला हवी होती पटकन वाळणारी, कागदावर न पसरणारी शाई, चित्रकारांचा विचार त्याच्या डोक्यात असण्याचं कारणच नव्हतं, पण त्या घट्टपणाचा फायदा झाला आपल्याला. कागद कितीही गुळगुळीत वाटला तरी जवळून बघितला तर त्यात तंतूंचे उंचवटे आणि खड्डे असतात. पेन अगदी हलका फिरवला की गोळी फक्त उंचवट्यांना शिवते, घट्ट शाई तेवढ्याच जागी चिकटते, खड्डे पांढरेच राहतात आणि लांबून ती रेघ राखाडी दिसते. दाब वाढवला की गोळी कागदात रुतते, जास्त जागेला टेकते, खड्डेही भरत जातात आणि रेघ गडद होते. म्हणजे एकाच पेनातून फिक्यापासून गडदपर्यंत सगळे टोन हाताच्या दाबावर मिळतात. एचबीपासून ६बीपर्यंतच्या पेन्सिली वापरलेल्या माणसाला ही गोष्ट दहा मिनिटांत जमते, फक्त खोडरबर नाही एवढं ध्यानात ठेवायचं.

जेलची शाई सॉसच्या बाटलीसारखी वागते, शांत असली की घट्ट आणि गोळी फिरायला लागली की पातळ. कागदाला लागली की ती आपणहून खड्ड्यांत उतरते, तुम्ही कितीही अलगद धरा. म्हणून जेलच्या रेघेला मधली अवस्था जवळजवळ नाहीच, एक तर ती पूर्ण उमटते नाहीतर तुटते. घाईत हात मारला तर मधेच गायब होते, ते फिकं होणं नव्हे, ते शाई चुकणं. मग जेलने शेडिंग होत नाही का? होतं की, मस्त होतं, पण तिथे टोन शाईत नसतो, दोन रेघांमध्ये सोडलेल्या पांढऱ्या कागदात असतो. रेघा लांब लांब मारल्या की उजेड, जवळ आणल्या की सावली, वरून आडव्या मारल्या की क्रॉस हॅचिंग, नाहीतर ठिपके. डोकं सगळं अंतर मोजण्यात जातं. बॉलपेनमध्ये ते दाब आणि थर सांभाळण्यात जातं. ही दोन वेगळी कामं आहेत आणि एकाचं ट्युटोरियल बघून दुसऱ्या पेनने ते करायला गेलात तर रडू येणारच.

पेन कुठल्या बाजूचा आहे ते ओळखायला रद्दी कागदावर एक रेघ ओढा, सुरुवातीला दाबून आणि शेवटी हात उचलत. शेपूट विरघळत गेलं तर शेडिंगचा बॉलपेन, शेवटपर्यंत ठसठशीत राहून एकदम संपलं तर नाही. दुकानदाराला विचारू नका, त्याच्या लेखी सगळं "स्मूथ पेन" असतं. आणि स्मूथ म्हणजे चांगलं हा लिहिणाऱ्यांचा निकष आहे, आपला नव्हे. जेटस्ट्रीमसारखे मुद्दाम पातळ शाईचे बॉलपेन लिहायला सुख, पण फिक्या टोनला ते जेलकडे झुकतात. मला विचाराल तर साधा, स्वस्त, किंचित खरखरणारा निळा बॉलपेनच घ्या. नायजेरियातल्या लागोसचा चित्रकार ऑस्कर उकोनू निळ्या बॉलपेनने जी माणसं काढतो ती बघा आणि मग महाग पेनांची यादी करा.

बॉलपेनचे त्रास वेगळे. गोळीच्या कडेला शाई साचते आणि नेमकी नाकाच्या शेंड्यावर गुठळी पडते, त्यामुळे डाव्या हातात टिश्यू ठेवून टोक सारखं पुसत राहायचं. गडद हवं म्हणून पहिल्याच थरात दाबलं तर कागदात खाच पडते आणि पुढचे थर तिच्यावरून घसरत जातात, त्यापेक्षा दिशा बदलत हलके थर चढवा. अती थर झाले तर निळ्यावर तांबूस चकाकी येते, तिथे थांबायचं. रंगीत करायचं असेल तर रंग एकमेकांत मिसळत नाहीत, एकावर एक थर देऊनच मधला रंग दाखवावा लागतो, पोर्तुगालच्या सॅम्युएल सिल्व्हाचं २०१२ मध्ये गाजलेलं लाल केसांच्या मुलीचं चित्र असंच झालंय, आणि तो पेशाने वकील. बोटाने घासून ब्लेंड करणाऱ्यांना हात जोडून विनंती, ती पेन्सिलीची सवय इथे नको, नुसता चिकट डाग उरतो.

टिकण्याच्या बाबतीत मात्र जेल बऱ्याचदा पुढे, कारण बऱ्याच जेल शायांमध्ये पिगमेंट, म्हणजे न विरघळणारी रंगाची बारीक पूड असते आणि साध्या बॉलपेनमध्ये डाय, म्हणजे विरघळलेला रंग, जो उन्हात उडतो. बॉलपेनचं चित्र खिडकीसमोर टांगू नका, स्कॅन आधी करून ठेवा.

दोन्ही एकत्र वापरायचेच असतील तर जेल शेवटी, आणि तेही जाड थर नसलेल्या जागी, तेलकट शाईवर पाण्याची शाई नीट बसत नाही. डोळ्यातली चमक पांढऱ्या जेलने ठेवणारे पुष्कळ आहेत, पण खालचा निळा कधीकधी वर झिरपतो आणि चमक जांभळट दिसते. तेवढा ठिपका पहिल्यापासून कोराच सोडा ना.