पटावरची मंडळी आणि बाकावरची मंडळी

मराठी ख्रिस्ती माणूस इमारतीला चर्च म्हणतो आणि आत जमणाऱ्या माणसांना ‘मंडळी’. सांगली-मिरज भागातल्या कुठल्याही मंडळीच्या वार्षिक सभेला जा, अहवालात एक आकडा हमखास ऐकायला मिळतो: पटावर सभासद इतके. दर रविवारी उपासनेला प्रत्यक्ष किती जण बसतात, हा दुसरा आकडा मात्र क्वचितच वाचला जातो. मी लहानपणी तो मोजायचो. वडील पंचमंडळात, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या निवडक मंडळात होते. घरी आल्यावर चप्पल काढता काढता ते विचारत, “आज किती होते रे?” सुट्टीत आजोळी गेलो की तिथल्या छोट्या मंडळीतही मी डोकी मोजत असे. तिथे पटावरचं जवळजवळ प्रत्येक नाव समोर सतरंजीवर बसलेलं असायचं. शहरातल्या मोठ्या मंडळीत बाकं भरलेली दिसायची, पण पट उघडला की त्यातली कितीतरी नावं कुणाची, हे सांगायला एखाद्या आजींना गाठावं लागे.

पुढे संख्याशास्त्र शिकवायला लागल्यावर कळलं, की हा फरक आमच्यापुरता नव्हता. मंडळी दुप्पट झाली म्हणून हजेरी दुप्पट होत नाही. वाढते, पण मागे रेंगाळत वाढते. आणि यामागची कारणं मला श्रद्धेच्या उंची-खोलीपेक्षा मोजदादीत आणि माणसाच्या साध्या स्वभावात जास्त सापडली.

अॅलन विकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1969 मध्ये एकाच प्रॉटेस्टंट पंथाच्या लहान आणि मोठ्या मंडळ्यांची तुलना प्रसिद्ध केली. पंथ एकच ठेवण्यात शहाणपण होतं. शिकवण तीच, उपासनेची पद्धत तीच, मग उरला तो मुख्यतः आकाराचा फरक. लहान मंडळीतला सभासद जास्त प्रकारच्या कामांत भाग घेत होता, त्याच्याकडे जबाबदारीची पदं जास्त होती, तो उपासनेला जास्त नियमाने येत होता आणि दानही जास्त देत होता.

विकर हे रॉजर बार्कर या मानसशास्त्रज्ञाच्या परंपरेतले. बार्कर यांनी कॅन्सस राज्यातल्या ऑस्कलूसा या लहानशा गावात 1947 साली एक केंद्र काढलं आणि माणसं रोजच्या जगण्यात काय करतात, एवढंच वर्षानुवर्षं टिपत राहिले. 1964 मध्ये त्यांनी आणि पॉल गंप यांनी कॅन्ससमधल्या माध्यमिक शाळांचा अभ्यास छापला. सर्वांत लहान शाळेत 35 मुलं होती आणि सर्वांत मोठीत 2,287. मोठ्या शाळेत कार्यक्रम, संघ, मंडळं जास्त होती, पण मुलांच्या संख्येच्या मानाने ती फारच थोडी वाढलेली. त्यामुळे लहान शाळेतलं मूल नाटकातही होतं, संघातही होतं आणि खुर्च्या लावायलाही होतं. मोठ्या शाळेतलं मूल बहुतेक वेळा प्रेक्षकांत होतं.

हाच हिशेब आपल्याकडच्या मंडळीला लावून पाहा. रविवारच्या उपासनेला काय काय लागतं? घंटा वाजवणारा, पेटी, तबला, गीत सुरू करणारा आवाज, शास्त्रवाचन, प्रार्थना, अर्पण गोळा करणारे दोघे, संडे स्कूलच्या बाई, सतरंज्या झटकणारा, प्रभुभोजनाची तयारी करणाऱ्या दोघी. बारा कामं धरू. चाळीस माणसांच्या मंडळीत साधारण तिघांमागे एक काम येतं. त्यात लहान मुलं आणि फार वृद्ध वजा केले, तर धडधाकट माणूस कामाविना राहतच नाही. आता मंडळी चारशेंची करा. कामं वाढतील, पण दसपट नाही वाढणार. पेटी एकच लागते आणि शास्त्रवाचन एकानेच करायचं असतं. मोठा गायकवर्ग धरून कामं अगदी दुप्पट झाली, चोवीस झाली, तरी सोळा-सतरा माणसांमागे एकच काम. बाकीच्यांनी येऊन बसायचं.

ज्याला नुसतं बसायचं आहे, तो एखादा रविवार चुकवू शकतो. त्याच्यावाचून काही अडत नाही. आजोळच्या मंडळीत मात्र पेटी वाजवणारे मामा आले नाहीत, तर पहिल्या गीतालाच सगळ्यांना कळे. उपासना संपल्यावर कुणीतरी त्यांच्या दारात हजर, “ताप आलाय का?” माझ्या मते हजेरी टिकवणारी सगळ्यांत मोठी गोष्ट हीच आहे, प्रवचन किती रंगलं यापेक्षाही मोठी: आपण नसलो तर कुणाला तरी कळेल, ही खात्री.

काम वाटलं गेलं की जोर कमी लागतो, हे एका फ्रेंच शेतकी अभियंत्याने फार आधी दोरीवर मोजलं होतं. मॅक्स रिंगलमन यांनी 1880 च्या दशकात माणसांना दोरी ओढायला लावली आणि निष्कर्ष 1913 मध्ये छापले. एकटा माणूस लावतो ती ताकद 100 धरली, तर दोघांत प्रत्येकाची 93 भरली, तिघांत 85, आणि आठ जणांत 49. आपल्याकडे रस्सीखेच खेळलेल्या कुणालाही हे पटेल. थोडा दोष ताल न जुळण्याचा असतो, म्हणून 1974 मध्ये अमेरिकेत हा प्रयोग नव्याने झाला. डोळ्यांवर पट्टी बांधून माणसाला एकट्यालाच ओढायला लावलं, पण मागे आणखी लोक ओढत आहेत असं भासवलं. तरीही त्याचा जोर कमी पडला. मागे कोणी ओढत नसताना, फक्त ‘ओढत आहेत’ या कल्पनेने. आळस म्हणून त्याला दोष देता येणार नाही, कारण आपण हात सैल सोडला आहे हे त्या माणसाला स्वतःलाही बहुधा जाणवत नाही.

इथपर्यंत सगळा दोष गर्दीचा वाटतो. पण पटही निरागस नसतो.

आमच्या भागातली तरुण पिढी पुण्या-मुंबईला कामाला गेली आणि जातेच आहे. नाव मात्र गावच्या मंडळीत राहतं, कारण तिथे बाप्तिस्मा झाला, तिथेच आजोबांची कबर आहे. नाताळाला ती माणसं येतात, अंगणात मांडव घालावा लागतो, आणि जानेवारीच्या पहिल्या-दुसऱ्या रविवारी पुन्हा तीच नेहमीची डोकी. मोठ्या मंडळीत अशी नावं साचत जातात. छोट्या मंडळीत प्रत्येक नावाला चेहरा असतो, म्हणून गेलेल्याचं नाव वेळीच खोडलं जातं. म्हणजे मोठ्या मंडळीची टक्केवारी घसरलेली दिसते, त्यातला काही भाग न येणाऱ्यांचा असतो आणि काही भाग इथे नसणाऱ्यांचाच. दोन्ही एका मापाने मोजले, तर पाळकसाहेबांवर, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंवर अन्याय होतो.

सभासद कुणाला म्हणायचं, हा प्रश्नही या मातीत जुना आहे. सातारा बाजूला अमेरिकन मराठी मिशनचं काम होतं. तिची परंपरा स्थानिक मंडळीने आपला कारभार आपणच करावा अशी. सांगली-मिरजेकडे प्रेस्बिटेरियन, म्हणजे निवडलेल्या वडिलांच्या सभांनी कारभार पाहणारे. मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये उभं केलेलं रुग्णालय त्याच मिशनचं. हे दोन्ही प्रवाह 1924 मध्ये एकत्र आले आणि पुढे 1970 मध्ये उत्तर भारत चर्चमध्ये सामील झाले. पण त्याआधीच रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ ही भक्तांची संगत मांडली, तेव्हा बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोन्हींना त्यात बसायला जागा ठेवली. आजच्या संशोधकाच्या भाषेत सांगायचं, तर ‘सभासद’ आणि ‘सहभागी’ हे दोन रकाने वेगळे आहेत, आणि दुसरा जास्त जिवंत आहे, हे टिळकांना त्या वेळी दिसलं होतं. 1919 मध्ये ते गेले, म्हणून दरबार पुढे कसा वाढला असता, हे पाहायला मिळालं नाही.

हजेरी माणसांनाच विचारून मोजावी, तर तिथे वेगळी अडचण. अमेरिकेत जनमत चाचण्यांत वर्षानुवर्षं 40 टक्क्यांच्या आसपास लोक “गेल्या आठवड्यात उपासनेला गेलो होतो” असं सांगत. कर्क हॅडवे, पेनी मार्लर आणि मार्क चॅव्हज यांनी 1993 मध्ये छापलेल्या अभ्यासात ओहायो राज्यातल्या एका काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, ते ताडून पाहिलं. मंडळ्यांकडून खरी हजेरी मिळवली. यादीत नसलेली चर्चं शोधत रस्तोरस्ती गाडी फिरवली, आणि काही ठिकाणी तर अंगणातल्या गाड्या मोजल्या. प्रॉटेस्टंटांपैकी सुमारे 36 टक्के लोक गेलो म्हणत होते, प्रत्यक्षात सुमारे 20 टक्केच गेलेले निघाले. लोक खोटारडे होते, असं मी म्हणणार नाही. “तू जातोस का?” या प्रश्नाला माणूस आपण कोण आहोत याचं उत्तर देतो, गेल्या रविवारी कुठे होतो याचं नाही.

आता एक गणित, माझ्या फार आवडीचं. समजा, कृष्णाकाठच्या दहा मंडळ्या आहेत. नऊ मंडळ्यांत पन्नास-पन्नास माणसं, आणि दहावी शहरातली, साडेपाचशेंची. एकूण माणसं 1,000, म्हणून सरासरी मंडळी शंभराची. आता त्या हजार माणसांना एकेक करून विचारा, “तुमच्या मंडळीत किती जण?” 450 जण सांगतील पन्नास, 550 जण सांगतील साडेपाचशे. त्या उत्तरांची सरासरी येते 325. आकडे तेच, माणसं तीच, आणि सरासरी तिपटीहून मोठी! पहिली सरासरी मंडळ्यांची आहे, दुसरी माणसांच्या अनुभवाची. मोठी मंडळी माणसांच्या मोजणीत साडेपाचशे वेळा येते, छोटी फक्त पन्नास वेळा.

हे कागदावरचं कोडं नाही. अमेरिकेत 1998 मध्ये मंडळ्यांची राष्ट्रीय पाहणी सुरू झाली, तेव्हा देशातल्या सगळ्या मंडळ्यांची यादीच कुणाकडे नव्हती. संशोधकांनी युक्ती केली. देशभरातून यदृच्छया निवडलेल्या माणसांना विचारलं, तुम्ही कुठे उपासनेला जाता? त्यांनी नावं सांगितली, आणि तीच नमुन्यातली मंडळी. अर्थात मोठ्या मंडळीचं नाव येण्याची शक्यता तिच्या आकाराएवढी जास्त होती, म्हणून नंतर आकाराने भागून तो कल काढून टाकावा लागला. निष्कर्ष आमच्या दहा मंडळ्यांसारखाच निघाला: मंडळ्या आकाराने रांगेत लावून मधली घेतली तर तिच्यात नियमित येणारे फक्त 75 च्या आसपास, पण माणसं आपापल्या मंडळीच्या आकाराने रांगेत लावून मधला घेतला तर तो 400 च्या आसपासच्या मंडळीत बसलेला. बहुतेक मंडळ्या लहान, आणि बहुतेक माणसं मोठ्या मंडळीत, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या.

यातून एक गैरसमज उगवतो. शहरात वाढलेल्या माणसाला वाटतं, सगळीकडे असंच असतं: उपासना झाली की जो तो आपल्या गाडीकडे. ज्यांनी प्रत्येक नावाला चेहरा असलेली मंडळी पाहिली, ती माणसं संख्येने थोडी, म्हणून त्यांचा आवाजही थोडा. पाळकांच्या प्रशिक्षणात, बांधकामाच्या चर्चेत, सगळीकडे मोठ्या मंडळीचाच अनुभव नमुना ठरतो, याची मला मनापासून काळजी वाटते.

मग मंडळी किती मोठी असावी? रॉबिन डनबार या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञाने 1992 मध्ये माकडांच्या मेंदूवरून माणसाच्या ओळखीच्या वर्तुळाचा अंदाज बांधला, तोच तो प्रसिद्ध 150 चा आकडा. तो आकडा मी भिंतीवर लिहून ठेवणार नाही. 2021 मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी तेच गणित पुन्हा करून दाखवलं, की या पद्धतीने मर्यादा इतकी नेमकी सांगताच येत नाही. पण मर्यादा असते, हे साध्या मोजणीतूनही दिसतं. वीस माणसांत जोड्या 190, साठांत 1,770, दोनशेंत 19,900. माणसं दसपट झाली की एकमेकांशी बोलायची नाती शंभरपटीच्या पुढे जातात. रविवारनंतरचा तासभराचा चहा कुणालाही पुरत नाही.

छोट्या मंडळीचं कौतुक करताना तिचं ओझंही मी पाहिलेलं आहे. तीन घरांत भांडण झालं की उपासनाच थंडावते. तीच बाई वीस वर्षं संडे स्कूल घेते आणि थकते. नवऱ्याच्या मृत्यूनंतर एका मावशींना कुणाच्याही नजरेत न येता शेवटच्या बाकावर बसायचं होतं. लहान मंडळीत शेवटचा बाकच नसतो. त्यांना शहरातल्या मोठ्या मंडळीनेच सावरलं.

मोठं राहूनही लहान राहता येतं का, याचं उत्तर आपल्या भागातून दरवर्षी चालत जातं. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा ओलांडून लोणंद, तरडगाव, फलटण, बरड अशी सातारा जिल्ह्यातून पुढे सरकते. वारकरी लाखोंच्या संख्येत, पण कुणीही लाखांत चालत नाही. चालतो तो आपल्या दिंडीत. रथापुढच्या 27 दिंड्या आणि मागच्या कितीतरी, प्रत्येकीला क्रमांक, प्रत्येकीत वीणेकरी, जेवणाची भिशी, तंबूतली ठरलेली जागा. रात्री पंगतीला एक ताट कमी लागलं, की विचारणा होते. दक्षिण कोरियात सोल शहरातली एक मंडळी 1958 मध्ये एका घरात मूठभर माणसांनी सुरू झाली आणि पुढे लाखोंची झाली. तिनेही हेच केलं: गल्लोगल्ली घरसभा, आणि त्या चालवणाऱ्या बहुतांशी बायका. रविवारच्या गर्दीत हरवलेलं नाव शुक्रवारच्या घरसभेत सापडतं.

आमच्याकडे सभागृह वाढवायची चर्चा निघाली, तेव्हा मी पंचमंडळाला एवढंच सुचवलं, की आधी चार साधे रविवार डोकी मोजू. नाताळ नको, इस्टर नको, लग्नसराई नको. पटाला तीन रकाने करू: इथे राहणारे, बाहेरगावी गेलेले, आणि पटावर नाव नसूनही दर आठवड्याला येणारे. मग हातात एखादं काम असलेल्यांच्या नावापुढे खूण करू. पहिल्या रविवारी मोजायला दोन शाळकरी मुलांना बसवलं. त्यांतल्या एकीने उपासनेनंतर वही दाखवली. आकड्याखाली तिने आपणहून लिहिलं होतं, “निळ्या साडीतल्या आजी आल्या नाहीत.”