उंदीर पडू लागले की

"उंदीर पडू लागले." या तीन शब्दांवर एके काळी, प्लेगच्या दिवसांत, महाराष्ट्रात गावच्या गाव घराबाहेर निघत असे. पडणे म्हणजे इथे मरणे. कडीपाटातून, बळदाच्या तोंडातून झिंगल्यासारखा उंदीर भर दिवसा अंगणात यायचा, माणसांना न बुजता दोन गिरक्या घ्यायचा आणि तिथेच आडवा व्हायचा. दुसऱ्या दिवशी आणखी दोन. मग जाते, धान्याची पोती, पाळणा असे सगळे बैलगाडीत चढायचे आणि माणसे माळावर झोपड्या घालून राहायची. 'आम्ही झोपड्यांत होतो तेव्हा' हे आमच्या पणजीचे पालुपद आजीने मला सांगितले आहे. कोणाचे लग्न कधी झाले, कोणती म्हैस कधी व्याली, याचा हिशेब त्या मोसमांवरून लागायचा.

ही रीत बरोबर होती. का बरोबर होती ते शास्त्राला कळायला आणखी काही वर्षे जायची होती. प्लेगचा इतिहास वाचताना मला सारखे हेच दिसते की लोकांचे डोळे उंदरांकडे होते आणि सरकारचे रोग्याकडे. पुण्यात १८९७ साली जे झाले, त्यातले बरेचसे या फरकातून झाले.

हाँगकाँगमध्ये १८९४ साली साथ पसरली, तेव्हा अलेक्झांडर येर्सिन याने तिथे प्लेगचा जंतू शोधला. दोन वर्षांनी साथ मुंबईत उतरली. गोदीलगतची मांडवी म्हणजे धान्याच्या वखारी आणि दाटीने भरलेल्या चाळी. तिथे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी सप्टेंबर १८९६ मध्ये रोग ओळखला. जांघेत किंवा काखेत गाठ आणि तापाची ग्लानी ही खूण. वैद्यांनी त्याला ग्रंथिक सन्निपात म्हटले, लोक नुसते 'गाठ आली' म्हणत. सव्वाआठ लाखांच्या मुंबईतली जवळजवळ निम्मी माणसे काही महिन्यांत शहर सोडून गेली. जाताना रोगही कोकणात, देशावर, खानदेशात गेला.

रोग घाणीत, दमट जमिनीत आणि कोंदट हवेत मुरतो, अशी तेव्हाची डॉक्टरी समजूत होती. म्हणून मोरीत कार्बोलिकचे पाणी ओतले, खोलीत ऊन पडावे म्हणून छपराची कौले उतरवली, अंथरुणे जाळली आणि रोग्याला उचलून इस्पितळात नेले. त्यात दुष्टपणा होता असे मी म्हणणार नाही. पण ज्या घरातून माणूस नेला त्या घराला तो पुन्हा क्वचितच दिसे, आणि जातपात, पडदा, सोवळे यांची उतरंड एका फटक्यात मोडत होती. ऑक्टोबर १८९६ मध्येच गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला. अगदी छोटा, चार कलमांचा. साथ आली की सरकारला वाटतील ते नियम करता येतील, हा त्याचा गाभा. याच कायद्याचा आधार महाराष्ट्र सरकारने मार्च २०२० मध्ये कोरोनासाठी घेतला.

पुण्यात प्लेग समितीचे प्रमुखपद वॉल्टर चार्ल्स रँड यांच्याकडे आले आणि १३ मार्च १८९७ पासून घरझडत्या सुरू झाल्या. त्या गोऱ्या सैनिकांनी घेतल्या. सरकारचे म्हणणे असे की देशी माणसे ओळखीपाळखीने रोगी लपवू देतील. सैनिक बुटांसकट देवघरात शिरले, बायकांना रस्त्यावर उभे करून गाठी तपासल्या, किमती वस्तू गेल्या, अशा तक्रारींचा पाऊस पडला. निरोगी नातलगांची रवानगी स्वारगेटच्या छावणीत होई. मग लोकांनी काय करावे? रोगी माळ्यावर लपवला, मृताला रात्री गुपचूप पुरले किंवा जाळले. लपवलेला रोगी शोधण्यासाठी झडती आणखी कडक झाली, आणि झडती कडक झाली म्हणून लपवणेही वाढले.

हा त्रास फक्त सनातन्यांना सलत होता असे समजणे चूक आहे. सनातन्यांशी आयुष्यभर भांडलेल्या पंडिता रमाबाईंनीही पुण्याच्या प्लेग इस्पितळातल्या बायकांच्या हालांबद्दल वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे विलायतेत या तक्रारी मांडल्या. परत आल्यावर पुरावा उभा राहीना, कारण पत्रे लिहिणाऱ्यांपैकी कोणी पुढे यायला धजले नाही, आणि त्यांना जाहीर माफी मागावी लागली. टिळक शहर सोडून गेले नाहीत. त्यांनी हिंदूंसाठी वेगळे प्लेग इस्पितळ उभे करण्यात भाग घेतला आणि पळून गेलेल्या पुढाऱ्यांना 'केसरी'तून फटकारलेही.

झडत्या सुरू होण्याच्या तीनच दिवस आधी, १० मार्चला, सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरच्या बाजूला ससाणे यांच्या माळावर दवाखाना काढला होता. मुंढव्याच्या महारवाड्यात गायकवाडांच्या मुलाला गाठ आल्याचे कळताच सावित्रीबाई तिथे गेल्या आणि त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. त्यांचे वय तेव्हा ६६ होते. मुंढवा ते हडपसर हे अंतर आज दुचाकीवर काही मिनिटांचे आहे. तापाने फणफणलेले पोर पाठीवर घेऊन, मार्चच्या उन्हात, पायी ते किती होईल याचा मी त्या रस्त्याने जाताना दर वेळी विचार करतो. तीच साथ, तेच शहर, आणि रोग्याला घराबाहेर काढणेही तेच. उचलणारे हात मात्र वेगळे होते.

२२ जून १८९७ रोजी, व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाच्या रात्री, गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. पुढे तिघा भावांना आणि महादेव रानडे यांना फाशी झाली. टिळकांना राजद्रोहाखाली १८ महिन्यांची शिक्षा झाली. हे सगळे शाळेत शिकवले जाते आणि शिकवायलाच हवे. पण त्या गोळीच्या आवाजात प्लेग हरवून जातो. रँड गेला तरी रोग वीसएक वर्षे ठिय्या देऊन होता आणि हिंदुस्थानात त्याने एक कोटीहून अधिक माणसे नेली.

उंदराचा दुवा लागला तो १८९८ साली कराचीत. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने पिसवांनी भरलेला आजारी उंदीर काचेच्या बरणीत ठेवला आणि निरोगी उंदीर त्याच्यावर जाळीत टांगला. दोघांचा स्पर्श होणे शक्य नव्हते, तरी दुसराही प्लेगने मेला. शास्त्रज्ञांनी ते हसण्यावारी नेले. पुढे १९०५ नंतर मुंबईत संशोधन आयोगाने प्लेग झालेल्या घरांमध्ये गिनिपिग ठेवून पाहिले. जमिनीलगतच्या पिंजऱ्यातले मेले, दोन फूट वर टांगलेले वाचले, कारण पिसू इतकी उंच उडी मारू शकत नाही. बारीक जाळीच्या पिंजऱ्यातलेही वाचले. जमीन, हवा, मोरी यांचा काही दोष नव्हता. उंदीर मेला की त्याची पिसू उपाशी राहते आणि माणसाकडे वळते. म्हणजे उंदीर पडल्याबरोबर घर सोडणारे शहाणेच होते.

वाल्डेमार हाफकिन यांची लस मात्र आधीच आली होती. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत, रश्श्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्याखाली जंतू वाढवायचे आणि मग उष्णतेने मारायचे, अशी ती कृती. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. परळच्या संस्थेला आज त्यांचेच नाव आहे.

मराठी साहित्यावर प्लेगने काय केले, हे शोधताना कादंबऱ्यांपेक्षा चरित्रांकडे जावे लागते. दामोदर चापेकरांनी तुरुंगात लिहिलेली हकीकत आहे. भगूरला १८९९ साली सावरकरांचे वडील प्लेगने गेले. टिळकांचा थोरला मुलगा विश्वनाथ १९०३ साली गेला. आणि केशवसुत. प्लेगमुळेच त्यांनी मुंबई सोडली, खानदेशात मास्तरकी केली, पुढे धारवाडला गेले, आणि ७ नोव्हेंबर १९०५ रोजी हुबळीला प्लेगनेच त्यांना गाठले. वय ३९. स्वतःच्या कवितांचा संग्रह त्यांना पाहायला मिळाला नाही. मराठी कवितेने इथे काय गमावले ते मोजता येणार नाही. नऊ वर्षे जागा बदलत राहिलेल्या माणसाला शेवटी रोगाने अनोळखी गावी गाठावे, हे वाचून मला अजूनही गलबलून येते.

ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावी गाठीचे रोगी आढळले. आदल्या वर्षीच्या भूकंपानंतर भीतीने लोक घराबाहेर राहत होते, धान्य आत तसेच पडून होते आणि त्यावर उंदीर माजले होते. पहिला रोगी सापडण्याच्या काही आठवडे आधीच गावकऱ्यांनी सांगितले होते: पिसवा फार झाल्यात, आणि उंदीर पडताहेत.